'दहावा' फोल्डरमधला दुसरा फोटो

कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की पहिली टिंगल मीच करायचो. विश्वास कधी नव्हताच. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण भीती त्याहून जास्त आहे.

बारामतीला लागून जळोचीत माझा फोटो स्टुडिओ आहे. अल्बमचा कॉम्प्युटर बराच जुना. त्याला हार्ड डिस्क दोन — एक मशीनमध्ये, एक कपाटात. दर शनिवारी दुपारी सगळं काम कपाटातल्या डिस्कवर कॉपी करायचं आणि दोन्हींची अदलाबदल करायची. मध्यंतरी त्यातली एक उडाली. नवी कशाला घ्या? इंदापूरचे एक फोटोग्राफर काका वारले होते. काकूंकडून त्यांची डिस्क आणली, फॉरमॅट केली, झालं काम.

आमच्या धंद्यात एक काम ठरलेलं. कुणी गेलं की घरचे लग्नातला फोटो दाखवतात. त्यातला चेहरा कापायचा, मोठा करायचा, दहाव्याला हार घालायला फ्रेम करून द्यायची. माझ्याकडे 'दहावा' नावाचं फोल्डरच आहे. मी मागे पांढरा रंग ठेवतो. काका कायम निळा ठेवायचे.

त्या शनिवारी काकांची डिस्क पहिल्यांदा मशीनमध्ये गेली. सोमवारी सकाळी निरवांगीचा दत्ता आला.

"आबा गेलं काल. पोरीच्या लग्नातला फोटो हाय की तुमच्याकडं, त्यातनं करा."

फोल्डर उघडलं, तर आबांचा फोटो तयार. कापलेला, मोठा केलेला, मागे निळा रंग. फाईलची तारीख शनिवारची. शनिवारी आबा जिवंत होते.

दत्ताला प्रिंट दिली. तो गेल्यावर कपाटातली डिस्क लावून पाहिली. तिच्यात हा फोटो नव्हता. पुन्हा काकांची लावली... केबल नीट बसेना. फोल्डरमध्ये आबांच्या खाली आता आणखी एक फाईल होती. संगीता. माझी बायको. भाच्याच्या लग्नातला फोटो, शेजारी मी उभा होतो. माझा खांदा सफाईने पुसलेला, मागे निळा रंग.

काकूंना फोन लावला. काका असे फोटो आधीच करून ठेवायचे का, विचारलं.

"लोकांचं ठाव न्हाय," काकू म्हणाल्या. "पण त्यांचा सोताचा तयारच हुता. आमाला वाटलं, त्यांनीच करून ठिवला."

डिस्क काढून ठेवलीय. ती पुसायचा धीर होत नाही, जोडून पाहायचा त्याहून नाही. संगीताला दोन डॉक्टरांना दाखवलं, सगळं नॉर्मल. आबांना एकच दिवस मिळाला होता. आमचा आज अकरावा.

हल्ली जेवताना मी तिच्याकडे नुसता बघत बसतो. "काय बघताय वो सारखं?" म्हणते आणि लाजते. लग्नाला बारा वर्षं झाली, आता कुठे नवरा प्रेमात पडला, असं तिला वाटतंय. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहतो.