शेऱ्याचा रकाना

भानुदास आबा आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते पाटीवरून भांडायला. मी पाटीवर रंगवून घेतलं होतं, 'जगाशी बोला'. आबांचं म्हणणं एवढंच, की जगाची हरकत नाही ना, हे विचारलंय का कुणी?

साल १९९९. बारामतीत भिगवण रस्त्यावर मी तीन कॉम्प्युटर टाकून इंटरनेटचं दुकान काढलं होतं. माझं नाव स्वरूपा. घरचा चांगला ऊस सोडून पोरीला हे काय खूळ लागलं, असं चुलते येता-जाता म्हणायचे. फोनची लाइन एकच. कुणाचा फोन आला की जग बंद पडायचं.

आबा जळोचीचे. एकतीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते. सकाळ-संध्याकाळ पाण्याची उंची मोजायची आणि रजिस्टरात लिहायची, हे त्यांचं काम. आदल्या वर्षी सरकारनं माणूस निवृत्त केला, हात मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता.

"पोरी, ह्याच्यावर कुणीबी लिवू शकतं म्हणं. सही कुणाची लागती?"

"कुणाचीच नाही, आबा."

"अन साहेब?"

"साहेबच नसतो."

आबा मटकन बसले. ही गोष्ट पचवायला त्यांना दोन पेले पाणी लागलं.

इंटरनेटवर फुकटात एक पान मिळायचं, ते मी त्यांना काढून दिलं. मराठी अक्षरं तिथं धड उमटायची नाहीत. म्हणून आबा कागदावर लिहून आणायचे, मी तो कागद स्कॅनरवर ठेवून फोटो चढवायची. पहिल्या दिवशी जगानं वाचलं ते असं: 'दि. ४ जून. सकाळी सात. पाण्याची उंची दोन फूट चार इंच. हवा कोरडी.'

"आबा, हे अमेरिकेला काय करायचंय?"

"मग त्यांनी त्यांच्या कॅनॉलचं कळवावं. आमी वाचू."

पुढचे पंधरा दिवस अख्खी दुनिया पाण्याची उंची वाचत होती. कालव्याच्या शेवटाला इंदापूरकडची मंडळी. पाणी वरच मुरतं, ही त्यांची जुनी ओरड. त्यांनाही आबांनी तिथंच जाहीर उत्तर दिलं: इथून सोडलं होतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हपिसातल्या दोन सवयी काही सुटेनात. एक, प्रत्येक पानाची छापील प्रत पाहिजे. तिला ते 'हपीस कापी' म्हणत आणि घरी फायलीत लावत. दुसरी, पानाखाली शेऱ्याचा रकाना पाहिजे. वाचणाऱ्याला अभिप्राय लिहायची सोय तिथं होतीच, मी तिला 'शेरा' असं नाव दिलं.

"एकतीस वर्षांत सायबांनी एकच शेरा मारला," आबा म्हणाले. "'पाहिले.' अन खाली कोंबडीनं उकरल्यागत सही. बघितलं समद्यांनी, वाचलं कुणीच न्हाय. एकदा मी मुद्दाम लिवलं, 'पाण्यात मगर.' तरी 'पाहिले'च!"

मग रोज सायकल लावायच्या आधीच दारातून विचारायचे, "आला का शेरा?"

कुठला येतोय! पानाला भेट देणारांचा आकडा एकशे बारा झाला होता, त्यात नव्वद वेळा आबा स्वतःच. एकदा इंग्रजीत केस वाढवायच्या तेलाची जाहिरात तेवढी आली. आबांना पुरतं टक्कल, तरी तिचीही त्यांनी कापी काढायला लावली. मला वाईट वाटायचं. लंडनच्या कुणाच्या तरी नावानं खोटा शेरा मी अर्धा टाइपसुद्धा केला, मग लाज वाटली आणि पुसला.

"आबा, पाणी पुरे. स्वतःचं लिहा," मी म्हटलं.

झालं, गेटच उघडलं. मगर आली, रात्री कालव्याची दारं फोडून पाणी चोरणारे बागायतदार आले, प्रत्येक गोष्टीत शेवटी आबा जिंकायचे. मग एक दिवस हे आलं: 'माझी पत्नी ताईबाई अडाणी होती. कामावरून दमून आल्यावरही मी तिला रोज एक अक्षर गिरवून दिले. आज ती वाचते. श्रेय कुणाचे, हे मी सांगणे शोभत नाही.'

"घरी दाखवलंत का?"

"घरच्यांना कशाला? हे जगासाठी हाय."

म्हणाले आणि नेमानं हपीस कापी घेऊन घरीच गेले. उतारवयात वाचायला शिकलेली बाई खताची गोणी सोडत नाही, एसटीची पाटी सोडत नाही. ती नवऱ्याची फाईल सोडेल होय?

बाजाराच्या दिवशी ताईबाई आल्या. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि घडी घातलेला कागद माझ्यापुढं सरकवला.

"जगाला सांगायचं दुकान हेच न्हवं? त्या पानाखाली शेरा घालत्यात म्हणं. हा घाल."

मी वाचला. 'दि. १२ ऑगस्ट. सकाळी दहा. पाणी मोजलं न्हाय. मला अक्षर सिंधुबाईनं शिकिवलं. विहारात, साक्षरतेच्या वर्गात. मालक तवा हसलं. म्हनलं, आता कलेक्टर व्हनार का. तीन महिनं मी भाकरी आधी थापून जात व्हते. तुमी एक अक्षर दिलं न्हाय. एक जरी दिलं आसतं तर मीच गावभर सांगितलं आसतं. बाकीची पानं चांगली हायेत. मगरीचं लई आवडलं.'

मला आधी हसू आलं, मग मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"मावशी, आबांना विचारून घालू का?"

"त्यांनी मला इचारलं व्हतं?"

तोही कागद स्कॅन करून शेऱ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी दारातून हाक आली, "आला का शेरा?"

"आलाय, आबा."

त्यांनी सायकल तशीच भिंतीवर टाकली. चष्मा सदऱ्याला पुसला, खुर्ची ओढली. वाचता वाचता मान लाल होत गेली. आता हा माणूस ओरडणार की रडणार, ते मला कळेना.

"अक्षर वळणदार हाय," शेवटी म्हणाले. मग हळूच, "माझं लिवलेलं काढता यील का?"

"एका बटणात पुसते."

"पुसायचं न्हाय!" एकदम खेकसले. "रजिस्टरात खोडाखोड चालत न्हाय. चुकलं तर एकच रेघ मारायची. खालचं दिसलं पायजे. अन शेजारी सही."

खिशातून लाल पेन काढलं. माझ्याकडून त्या पानाची नवी प्रत घेतली, एकेका ओळीवर सरळ रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'वरील मजकूर खोटा. सिंधुबाईने शिकवले. मी हसलो होतो.' खाली सही, तारीख, वेळ. मी चढवायला हात पुढं केला, तर त्यांनी कागद मागं घेतला.

"थांब. ह्यो आधी घरी दावतो."

दोन दिवसांनी आले. त्या दिवशी दारातून काही विचारलं नाही. सायकल नीट लावली, आत येऊन तोच कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आता चढव."

त्यांच्या सहीशेजारी पाटीवर गिरवल्यासारख्या मोठ्या अक्षरात शेरा होता: 'वाचलं. ताईबाई.'