शाबासबाईंचं नवं बाथरूम

शाळा सोडून बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना शाबासबाईच म्हणतात. नाव मुलांनीच ठेवलेलं. गणित साफ चुकलं तरी बाई म्हणायच्या, "शाबास, आकडे किती सुरेख काढलेस," आणि मग हळूच चूक दाखवायच्या. कधीकधी कौतुकाच्या भरात दाखवायची राहूनही जायची. मुलगी चिडवायची, "आई, चोर आला तर तू त्यालाही म्हणशील, कुलूप किती सफाईने उघडलंस." भीड भिकेची बहीण, हे बाईंना त्यांच्या आईने लहानपणीच सांगून ठेवलं होतं. पण सांगितलेलं सगळंच कुठे अंगी लागतं?

त्यांचे यजमान म्हणजे ड्रायव्हरकाका. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला. अंगापिंडाने दांडगे, आणि स्वभाव असा की घरात प्यायचं पाणीसुद्धा कुणाला मागायचे नाहीत, उठून घ्यायचे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून आंघोळ बाई घालत. एरवी दोघांचं भांडण ऐकायला शेजारी कान टवकारायचे, पण आंघोळीच्या वेळी काका डोळे मिटून बसायचे आणि तोंडातून शब्द काढायचे नाहीत. बाईही मग गप्प राहून घाईघाईने पाणी ओतायच्या. दोघांनाही ते नकोसं व्हायचं आणि दोघंही ते बोलून दाखवायचे नाहीत.

एक दिवस सदऱ्याची बटणं लावून घेताना काका म्हणाले, "एक करशील? माझी आंघोळ माझी मला करता येईल असं काहीतरी कर." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने काही मागितल्याचं बाईंना आठवेना. त्यांनी त्याच दिवशी चौकशी सुरू केली.

घरं नवी करून देणारी एक कंपनी मिळाली. कंपनीचे साहेब आले, हातातल्या टॅबवर चित्रं दाखवली. जुन्या बाथरूमच्या दारातला उंचवटा काढून टाकायचा, म्हणजे पाय अडखळणार नाही. खाली खरबरीत फरशी. बसायला भिंतीत पक्की केलेली बैठक, आणि धरून उठायला शेजारी स्टीलची दांडी. काका चित्राकडे बराच वेळ बघत होते. "दांडी उजवीकडे घ्या," एवढंच म्हणाले.

मिस्त्री कामाला लागला. एका खांद्यावर फोन दाबून तो अखंड बोलायचा आणि बोलता बोलता फरशी बसवायचा. पाण्याचा उतार नुसत्या नजरेनेच काढायचा. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण परक्याचं लेकरू उन्हातून येऊन राबतंय, त्याला कसं टोकायचं? त्या चहाचा कप पुढे करून म्हणाल्या, "हात किती भरभर चालतो हो तुमचा." मिस्त्री खूश झाला आणि आणखी भरभर करू लागला.

काम संपलं. फरशी वाळेपर्यंत पाणी टाकू नका, असं बजावून साहेबांनी फोन समोर धरला. "मॅडम, आमच्या कामाबद्दल दोन शब्द." बाई दोन शब्दांत आटोपणाऱ्या नव्हेत. पदर नीट केला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आमच्या यांच्यासाठी तुम्ही जे केलंत ते पोटच्या पोरांनीही केलं नसतं. काम नंबर एक. शाबास." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा भिंती चकचकत होत्या आणि काका दारात खुर्ची टाकून बसले होते.

दोन दिवसांनी बाईंनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे गेलंच नाही. दाराकडे वळलं आणि थेट खोलीत, काकांच्या पलंगाखाली. बाईंनी घाबरून दांडी धरली, तर ती भिंतीपासून सुटल्यासारखी हलली आणि स्क्रूच्या भोकांतून पांढरा भुगा खाली पडला. बैठकीवर हाताने भार दिला, तीही करकरली.

"वाळलं का?" काकांनी बाहेरून विचारलं.

"अजून ओलं आहे," बाई म्हणाल्या. ते काही खोटं नव्हतं.

मग रोज तेच उत्तर. काका रोज विचारायचे आणि बाई, पुन्हा ओतून पाहिलेलं पाणी पलंगाखालून फडक्याने टिपत, रोज तेच सांगायच्या. कंपनीला फोन केले की एक गोड आवाज म्हणायचा, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कुठेतरी गार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा आवाज. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आवाज चढवून बोल. तुला लोक गृहीत धरतात." बाईंनी आरशासमोर आवाज चढवून पाहिला. स्वतःलाच तो उसना वाटला.

अखेर साहेब मिस्त्रीला घेऊन आले. बाईंनी पाणी ओतून दाखवलं. साहेबांनी शांतपणे टॅब उघडला आणि बाईंना बाईच दाखवल्या. पदर सावरलेल्या, हसऱ्या. काम नंबर एक.

"मॅडम, पसंती तर तुम्हीच दिलीत. तरी माणुसकी म्हणून दुरुस्ती करून देतो."

बाईंना राग आला. जन्मात आला नव्हता एवढा आला. कानशिलं तापली. त्या रागाला बाहेर कसं पडू द्यायचं तेवढं मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "बसा," त्या म्हणाल्या, "चहा टाकते."

दुरुस्ती म्हणजे मिस्त्रीने भोकांत पांढरी पुट्टी भरली, स्क्रू पिळले आणि पाणी अडवायला दारात रबराची पट्टी चिकटवली. पाय अडखळू नये म्हणून जो उंचवटा काढला होता, त्याच जागी ती पट्टी.

"झालं मावशी. एकदम पक्कं."

"मग एकदा तुम्हीच बसून दाखवता?" बाई हळूच म्हणाल्या. "दांडीवर सगळा भार टाकून उठा."

मिस्त्रीने दांडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. "नको मावशी. माझे कपडे सिमेंटचे आहेत, बैठक खराब होईल." कपडे तर त्याने नुकतेच बदलले होते.

साहेब टॅब मिटत म्हणाले, "मग, समाधान झालं ना?"

"बघते," बाई म्हणाल्या. आपला सगळा राग त्यांनी त्या एका शब्दात घातला होता, पण तो कुणाला कळला नाही. दोघांना दारापर्यंत सोडून त्या सवयीने "सावकाश जा" सुद्धा म्हणाल्या.

आत आल्या तर काका बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून उभे. खांद्यावर टॉवेल. साबणाची नवी वडी खिशात.

"गेले ना? हो बाजूला."

बाई पुढे होऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या. "नाही. आत जायचं नाही."

"पक्कं केलंय म्हणाला तो. ऐकलंय मी."

"दांडी निघेल, अहो. पडाल तुम्ही."

"हे त्यांना सांगितलंस?"

बाईंनी नजर खाली, त्या रबराच्या पट्टीकडे वळवली.

काकांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "साऱ्या जगाला चांगलं म्हणत आलीस," ते म्हणाले. "जन्मात एकदा नाही म्हणालीस, तेही मला."

बाईंनी त्यांना धरायला हात पुढे केला. काकांनी तो चांगल्या हाताने बाजूला सारला आणि भिंतीच्या आधाराने, पाय ओढत, एकटेच पलंगाकडे निघाले. बाईंना रडू फुटलं. पण त्या दारातून हलल्या नाहीत.