जात्याचा वरचा दगड

नातीनं काल मोबाईल भिंतीला टेकवून व्यायामाचा व्हिडिओ लावला. "आजोबा, लाजू नका," म्हणत मलाही शेजारी उभं केलं. त्यातली बाई हसत म्हणाली, "आजपासून एक पोळी कमी खा." माझं डोकंच फिरलं. इथं सुरतेत देवानं पोटभर दिलंय, त्याची जाण आहे मला. पण ते वाक्य सहन होईना.

बाहत्तरच्या दुष्काळात, कर्जतकडच्या आमच्या गावी, मी सातवीतून शाळा सोडून आईबरोबर खडी फोडायला जायचो. पोलीस भरतीत छाती मोजतात असं कळलं, म्हणून पहाटे घरातच व्यायाम सुरू केला. वजन म्हणून जात्याचा वरचा दगड उचलू लागलो. दाणे संपल्यानं जातं दोन दिवस बंदच होतं. दुसऱ्याच सकाळी हात थरथरले, दगड निसटला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"मुडद्या, दिसभर खडी फोडतो ती कमी पडती व्हय?" आई कडाडली. "आता पगार झाल्यावर लोकाच्या दारात दळाया बसू?"

"तू पोटभर देत न्हाईस, मंग हात थरथरनारच!" मीही ओरडलो.

तिनं फडक्यातली शिळी अर्धी भाकरी माझ्यापुढं आदळली. "खा."

घरात तेवढीच होती, हे मला ठाऊक होतं. तरी रागानं तिच्यादेखत सगळी खाल्ली. त्या पोराच्या मुस्काटात द्यावीशी वाटते आज. मग आम्ही दोघं खडीवर गेलो, आणि दिवसभरात तिचा हातोडा माझ्या हातोड्याआधी एकदाही थांबला नाही.