भिंत अजून पिवळीच आहे

२४ सप्टेंबर, सकाळी नऊ वाजून चार मिनिटे. या वेळी काकाजींची पहिली सूचना माझ्या संगणकाच्या पडद्यावर उमटली : ‘मिनिट एक, सेकंद बारा. मागची भिंत पिवळी दिसून राहिली. काल निळी केली आहे. पाहून घेणे.’ मी तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला. भिंत पिवळी होती, कारण पंधरा दिवसांपूर्वी मी चित्रीकरण केले तेव्हा ती पिवळीच होती. संपादनात मला कोणताही दोष सापडेना.

काकाजी म्हणजे मौद्याजवळच्या एका राइस मिलचे मालक. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर प्रयोगशाळेऐवजी मनीषनगरच्या दोन खोल्यांत फिल्म-संपादनाचा व्यवसाय थाटला, आणि काकाजी माझे पहिले मोठे ग्राहक ठरले. आमच्या कामाची पद्धत सोपी आहे. कच्ची फिल्म इंटरनेटवर ठेवायची आणि ग्राहकाला लिंक पाठवायची. ग्राहक घरबसल्या ती पाहतो, खटकेल तिथे थांबवतो आणि सूचना लिहितो; ती सूचना त्या क्षणाला चिकटून राहते. मी दुरुस्ती करते आणि सूचनेवर ‘पूर्ण झाले’ अशी खूण करते. सदर बाजारातल्या दुकानदारांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना ही पद्धत पहिल्या दिवशी समजली होती.

मी फोन लावला. “काकाजी, तो व्हिडिओ आहे.”

“व्हिडिओच तर पाहून राहिलो बेटा.”

“म्हणजे आधी काढलेला. भिंत आता रंगवली तरी त्यात बदलणार नाही.”

“काहून नाही बदलणार? दोन कोट मारले!”

या युक्तिवादाचे मूळ मला पुढच्या भेटीत सापडले. काकाजींच्या मिलमध्ये सीसीटीव्ही होता आणि तो त्यांच्या फोनवर एका लिंकने दिसे. लिंक दाबली की मिल दिसते, आणि दिसते ती या क्षणाची, असा त्यांचा कैक वर्षांचा अनुभव. माझीही लिंकच होती आणि तीतही मिलच दिसत होती. उपलब्ध पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणून त्यात मला तर्कदोष दाखवता येईना. फक्त तो चूक होता.

ही फिल्म हौसेखातर नव्हती. मिल घ्यायला एक गिऱ्हाईक टपून बसले होते. काकाजींची एकुलती एक मुलगी हैदराबादला इंजिनिअर. मिल विकून आईवडिलांनी आपल्याकडे यावे, असा तिचा आग्रह. दिवाळीपर्यंतची मुदत ठरली होती. “पोरीनं लहानपणची मिल पाहिली आहे,” काकाजी मला म्हणाले, “धूळ न् उंदरं. आताची पाहू दे. तिनं ‘चालू द्या बाबा’ म्हटलं तर मिल राहते. नाही म्हटलं तर आपली गाडी हैदराबाद.” त्यानंतर मी त्या तीन मिनिटांकडे निव्वळ काम म्हणून पाहू शकले नाही.

काकाजींच्या सूचना मात्र थांबल्या नाहीत. ‘मिनिट शून्य, सेकंद चाळीस. टिनाचे पत्रे वाकडे. सरळ केले.’ ‘मिनिट दोन, सेकंद पाच. गणपत हमाल वजनकाट्याजवळ बिडी ओढून राहिला. त्याले समज दिली. आता ओढत नाही.’ प्रत्येक सूचनेपुढे ‘पूर्ण झाले’ ही खूणही ते स्वतःच करीत, कारण त्यांच्या दृष्टीने ते काम खरोखरच पूर्ण झालेले असे. आपल्या सूचना स्वतः अमलात आणणारा ग्राहक हे संपादकाचे स्वप्न असते. पण ते असे साकार होईल, याची मला कल्पना नव्हती.

सर्वांत बिकट प्रकरण कुत्र्याचे. ‘मिनिट एक, सेकंद बावन्न. पोत्यावर कुत्रं झोपून आहे. हाकललं.’ दुसऱ्या दिवशी नवी सूचना, खुणेशिवाय : ‘कुत्रं अजून तिथंच आहे.’ मी त्यांना पुन्हा शांतपणे समजावले की फिल्ममधले कुत्रे त्या पोत्यावरून कधीच उठणार नाही. “थांब,” म्हणून ते फोन हातात घेऊन गोदामात गेले. पलीकडून विजयी स्वर : “आहे ना बे! तिथंच आहे! तुझी लिंक एकदम बरोबर दाखवते बेटा, तूच उगाच शंका घेऊन राहिली.” माझ्या सगळ्या विवेचनाचा पराभव एका झोपाळू कुत्र्याने केला.

शेवटी पाटीवर लिहून समजावण्याच्या निश्चयाने मी मौद्याला गेले. फाटकातच काकूंनी मला अडवले.

“वं पोरी, यायले काही समजावू नको.”

“पण काकू, ते चुकीचं समजून—”

“समजू दे! लग्न झाल्यापासून मी सांगून राहिली, भिंत रंगवा, पत्रे ठोका, जाळं काढा. ऐकलं का कधी? आता तुझ्या त्या लिंकीत दिसते म्हणून सकाळी उठून झाडू घेते हा माणूस! आणखी एक काम कर. घराचाही व्हिडिओ काढ.”

मी आत पाहिले. भिंत निळी, पत्रे सरळ, काट्याजवळ गणपत तोंडात बडीशेप घेऊन उभा. माझ्या फिल्मपेक्षा मिल कितीतरी पुढे गेली होती. एकच शास्त्रीय मार्ग उरला : मी संपूर्ण चित्रीकरण पुन्हा केले. कुत्रे पोत्यावरच होते. धान ओतायच्या लोखंडी जिन्यावर चढताना काकाजींचेही एक दृश्य घेतले. नवी फिल्म त्याच लिंकवर चढवली आणि तासाभरात फोन आला : “झाली बघ निळी! जरा उशीर लागला तुमच्या मशीनले, पण झाली.”

दिवाळीत मुलगी आली. फिल्म टीव्हीवर लावली गेली. काकूंनी फोन उघडा ठेवून मला ऐकवत ठेवले होते. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, किती सुंदर केली मिल! मला ओळखूच आली नाही.” काकाजी घसा खाकरून म्हणाले, “मग? चालू द्यावं ना?” तिने वडिलांचा फोन घेतला, आणि थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर तिची एकमेव सूचना उमटली : ‘मिनिट दोन, सेकंद एकेचाळीस. बाबा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबतात. गुडघ्याला हात लावतात.’

मी ते दृश्य अनेकदा पाहिले होते; माझे लक्ष भिंतीवर होते. काकाजींनी ही सूचना वाचली, पण तिच्यापुढे खूण केली नाही. सकाळी फोनवर मला म्हणाले, “बाकी समदं करून टाकलं बेटा. हे काही रंगवता येत नाही.”

मिल विकली गेली. निघायच्या आदल्या दिवशी ते मनीषनगरला आले, नव्या तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “सीसीटीव्ही नव्या मालकानं काढून टाकला. तुझी लिंक तेवढी बंद नको करू.” मी कबूल केले.

उन्हाळ्यात कामानिमित्त मौद्याकडे जाणे झाले. मिलच्या जागी तारेचे कुंपण होते आणि प्लॉट विक्रीचा फलक. त्याच आठवड्यात हैदराबादहून काकाजींचा फोन आला. “रोज सकाळी पाहत असतो मी. नवा मालक माणूस चांगला आहे. भिंत निळीच ठेवली त्यानं.”

अचूकतेचा मला अभिमान आहे. तरी मी म्हणाले, “हो काकाजी. निळीच आहे.”

“न् कुत्र्याले खायले देत असन ना कोणी?”

“तब्येत चांगली दिसते त्याची.”

पावसाळ्यात जुने प्रकल्प संगणकावरून काढून टाकताना मी काकाजींचे पान उघडले. मिनिट दोन, सेकंद एकेचाळीसच्या सूचनेपुढे खूण झाली होती : ‘पूर्ण झाले.’ खाली काकाजींच्या हातची ओळ : ‘दोन्ही गुडघे नवे बसवले. पोरीच्या इमारतीत तिसऱ्या पायरीवर थांबत नाही. पाहून घेणे.’

मी पान काढून टाकले नाही. त्याच्या कोपऱ्यात उरलेल्या सूचनांचा आकडा आपोआप दिसतो. माझ्या नोंदीत तो उतरवून घेतला.

शिल्लक सूचना : १. मिनिट एक, सेकंद बावन्न. ‘कुत्रं अजून तिथंच आहे.’