नंदीच्या पायाला पाणी

रुद्रेशला पोहता येत नव्हतं, आणि तो नांदेडात पुराच्या पाण्याकाठी हिंडत होता. त्याच्या आईच्या, मंजुषाच्या डोक्यातून ही एकच गोष्ट हलत नव्हती. लातूरचं पोर, त्याला पोहायला शिकवणार कोण आणि कुठं? ज्या गावात नळाची वाट बघण्यात बालपण सरलं, तिथं बुडण्याची भीती कुणाच्या मनाला शिवत नसते.

खरं तर त्याचं नकाशांचं वेड त्या नळापासूनच सुरू झालं. शाळेत असताना त्यानं कॅलेंडरच्या पाठीमागं आजूबाजूच्या गल्ल्या काढल्या आणि कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटतं ते रंगांनी भरलं. बायका दारात येऊन विचारायच्या, "रुद्र्या, आमचं पाणी कधी रे?" वडील सिद्धलिंग किराणा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचं पोरगं नळाचं पंचांग सांगतंय." पुढं भूगोल घेऊन तो शिकला आणि नांदेडच्या एका लहानशा संस्थेत लागला. शहर रोज कसं जगतं ते नकाशावर मांडायचं, हे त्यांचं काम. घंटागाडी कुठं पोचत नाही, शाळेच्या पोरी कोणता रस्ता टाळतात, गोदावरी फुगली की पाणी कुणाच्या घरात शिरतं.

पुराच्या नकाशासाठी तो घरोघर फिरला. 'किती फूट पाणी आलं होतं' असं विचारलं की माणसं गप्प बसायची. 'कुठवर आलं होतं' म्हटलं की लगेच सांगायची. चुलीपर्यंत आलं. पाळण्याखालून गेलं. त्या खुणांची उंची मोजून तो नकाशात भरायचा. मंजुषाचं माहेर तिथलंच, नदीकडच्या नंदीच्या गल्लीतलं. भाऊ अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, घर विकून केव्हाच पुण्याला गेला होता. त्या गल्लीत तर काम चुटकीसरशी झालं, असं रुद्रेशनं सांगितलं होतं. "सगळ्या म्हाताऱ्यांचं एकच उत्तर, आई. मोठ्या पुरात नंदीच्या पायाला पाणी लागलं होतं. इतकं जुळणारं मला कुठंच मिळालं नाही."

आता वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. सकाळपासून तिनं इतके फोन केले की तो वैतागला.

"आई, लोकांना घरातून काढायलोत आम्ही. नकाशा फोनवर आहे, आणि बॅटरी तुझ्याशी बोलण्यातच संपायली."

"पाण्यात उतरू नको, एवढंच म्हणते."

"नाही उतरत. संध्याकाळी मीच फोन करतो. मधे करणार नाहीस, कबूल कर."

तिनं कबूल केलं.

दिवेलागणीला फोन आला नाही, निरोप आला. सोबत नकाशाचं चित्र. 'गल्लीतली सगळी माणसं मागच्या शाळेत हलवली. मीही इथंच मुक्कामाला. शाळा हिरव्यात आहे, तिथवर पाणी येत नाही. काळजी नको.'

दुकानातून आलेल्या सिद्धलिंगनं चप्पल काढता काढताच ते पाहिलं. "हिरव्यात हाय म्हणतोय. आता तरी दोन घास खा."

ती ताटावर बसली, पण हात चालेना. नकाशा मोठा करून ती माहेरची गल्ली पाहू लागली. निळा रंग देवळासमोर, बरोबर नंदीपाशी संपत होता. शाळा त्याच्या जराशी वर. गेल्या श्रावणात ती तिथं गेली होती. रुद्रेशची नोकरी टिकू दे, असं नंदीच्या कानात सांगून आली होती. सांगताना ती वाकली होती.

तिचा घास हातातच राहिला.

"अहो, नंदीच्या कानात सांगायला मी वाकले होते."

"मग?"

"लहानपणी अण्णा मला खांद्यावर घ्यायचे. तेव्हा कुठं कानाशी तोंड पोचायचं."

"तवा तू एवढीशी होतीस."

"अण्णा तर एवढेसे नव्हते ना? त्यांनाही विभूती लावायला हात वर करावा लागायचा."

सिद्धलिंगचं चावणं थांबलं. "हाव. लग्नात मी नंदीखालच्या त्या ओट्यावर कोपर टेकवलं, तर तुझी मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, जावई, नंदीच्या पायाशी कोपर टेकू नका."

मग दोघांच्याही ध्यानात आलं. मोठ्या पुरानंतर कधीतरी नवा सभामंडप बांधताना तो काळ्या दगडाचा ओटा पाडला होता आणि नंदी खाली जमिनीवर आणला होता. गल्लीतल्या कुणाला ते सांगावंसं वाटलं नसणार. नंदी महादेवासमोर होता तिथंच होता, पूजा एक दिवस चुकली नव्हती. म्हाताऱ्यांनी खरं सांगितलं होतं. रुद्रेशनं नीट मोजलं होतं. पण नकाशातलं पाणी घोट्याएवढं होतं, आणि मोठ्या पुरातलं छातीएवढं. ते पुन्हा आलं तर शाळेच्या वर्गांत पाणी शिरणार होतं.

"त्याच्याच शब्दावर माणसं तिथं गेलीत," सिद्धलिंग हळू म्हणाला. "आता पावसात परत उठवायचं म्हणजे पोराचं नाक कापल्यागत व्हईल. आन् तो म्हणणार, आईला भ्या वाटायलंय."

"म्हणू दे."

तिनं उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हातानं फोन उचलला. आईचं नाव बघून तो पहिला फोन कापणार, हे तिला ठाऊक होतं. कापला तर पुन्हा लावायचा. उचलला की जेवलास का विचारायचं नाही, पाऊस किती ते विचारायचं नाही. नंदी खाली आणलाय, एवढंच आधी सांगायचं.

तिनं रुद्रेशच्या नावावर बोट ठेवलं.