चिंच आणि हीटसिंक

घरातला पहिला पदवीधर मी झालो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आक्कामुळे.

इथे परदेशात, नॉर्थ यॉर्कला कॉलेजचा शेवटचा प्रोजेक्ट संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता आणि माझा कॉम्प्युटर सारखा तापून बंद पडत होता. प्रोसेसरला चिकटून त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक काढला, तर त्याचा तांब्याचा तळ काळवंडलेला. आक्का सणाला हंडा घासते, तसा तो चिंच-मिठाने लखलखीत केला. तरी मशीन बंदच पडलं.

बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये एक पंजाबी काका कपडे धुऊन होईपर्यंत काचेवर पॉलिश पेपर ठेवून असलेच हीटसिंक घासत बसायचे. मी माझा पुढे केला. त्यांनी आधी वास घेतला.

"बेटा, कंप्यूटर चलाना है या चटनी बनानी है?"

मग एक डोळा मिटून त्यांनी तळावर पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसत होता, म्हणजे तळ प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता.

"चमक दूल्हे की देखते हैं. इसका तो सपाट होना देखो," म्हणत ते घासू लागले. मी घड्याळ बघत होतो आणि ते मजेत फुंकर मारत होते.

दुसऱ्या दिवशी मी आक्काला पत्र पाठवलं:

"ती. आक्कास सा. न. प्रोजेक्ट वेळेत गेला. तुझ्या चिंचेला हसणारे काका आज सकाळी उरलेली चिंच मागून घेऊन गेले. पाणीपुरीसाठी हवी म्हणाले. दुपारी पाहिलं, तर त्यांचा स्वतःचा हीटसिंक तुझ्या हंड्यासारखा लखलखत होता."