दसऱ्यापर्यंतची मुदत

माझ्या थोरल्या दिरांच्या डोळ्यांत माझा कॉम्प्युटर सलायचा. जानेफळच्या आमच्या घरात समोरच्या खोलीचा एक कोपरा माझा होता. तिथे बसून मी गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करायचे, पीकविम्याचे फॉर्म भरायचे. त्यांना तिथे सोयाबीनची पोती रचायची होती. जुन्या विंडोजवर नव्या साइट उघडेनाशा झाल्या आणि त्यांना आयतंच निमित्त मिळालं.

“तिले सांग माय, दसऱ्यालोक हा डबा चालला त ठीक, नाही त भंगारात.”

मी समोरच उभी होते. पण आमच्या घरात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही, तीही त्याच्याशी नाही. त्यांचे टोमणे सासूबाईंमार्फत यायचे. माझी उत्तरं मी गिळायचे.

जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स चालतं, तेही फुकट, हे मोबाइलवर कळलं. पण त्याचे प्रकार ढीगभर, आणि व्हिडिओवाले सगळे भांडकुदळ. जो तो आपलंच खरं करणार, दुसऱ्याची अक्कल काढणार. घरात एक होते ते पुरे नव्हते जणू! आधी त्यातलं मिंट पेनड्राइव्हवर घेतलं. देखणं होतं, पण कॉम्प्युटर तापला आणि बंद पडला. मग लुबुंटू, त्याहून हलकं. तेही बंद. मग इतकं हलकं शोधलं की स्क्रीनवर बघण्यासारखं काही उरलंच नाही. तरी बंदच.

“पाय वं माय, मेला का तो डबा?” दरवेळी मागून आवाज यायचा.

शेवटी संतापून मी कॅबिनेटचे स्क्रू काढले. आत पंख्याच्या पात्यांत हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, सगळं धुळीत थापलेलं. दर दसऱ्याला दीर ट्रॅक्टर, विळे आणि फवारणीच्या पंपाबरोबर माझ्या कॉम्प्युटरचीही पूजा करायचे, वरच्या जाळीतून मुठीमुठीने. मशीन चालूच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. झोपलेल्या यंत्राची पूजा पावत नाही म्हणे. पंखा ते सगळं आत ओढून घ्यायचा. वर दीरच त्याच्या नावाने बोटं मोडणार! माझं डोकं भणभणलं.

मी ब्रशने सगळं खरवडून काढलं आणि लुबुंटू टाकलं. कॉम्प्युटर बंद पडला नाही.

दसऱ्याला ते ताट घेऊन आले. मी एकाचा अर्ज टाइप करत होते. त्यांनी मूठ भरली. मी उठून जाळीवर हात ठेवला.

“भाऊजी, हात मागं घ्या.”

सासूबाई दारातच थबकल्या. ते सवयीने त्यांच्याकडे वळले. “माय, तिले सांग...”

“आईले काऊन सांगता? मी इथंच उभी आहो. मले सांगा.”

मुठीतल्या अक्षता त्यांनी परत ताटात टाकल्या.